ज्या दिवशी काहीच लिहिलं नाही

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, माझ्यात आता कुठलाही खेळ चालत नाही. मला जागं व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात घरात चहा होऊन तो पिऊनही होतो. माझा पंखा घरघरतो. पडद्याच्या एका कोपऱ्यात पिवळा डाग पडला आहे, तो किती पुसला तरी जात नाही. माझ्या वयाचे बहुतेक संगणक भंगारवाल्याच्या टेंपोतून कधीच गेले. मी मात्र अजून कामावर आहे, आणि माझं काम असं आहे की ते करायची वेळ येऊ नये, असं मला रोज वाटतं.

माझा जन्म कुठल्या नामांकित कंपनीत झालेला नाही. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, आतले भाग आणखी कुठले कुठले, असं सगळं जुळवून खोपोलीतल्या एका दुकानदाराने मला उभं केलं. साजगावला एका कारखान्याच्या फाटकापाशी वजनकाटा होता, तिथल्या खोलीत माझी नेमणूक झाली. बाहेर ट्रक काट्यावर चढला की त्याचं वजन माझ्या पडद्यावर उमटायचं आणि मी पावती काढून द्यायचो. ड्रायव्हर लोक उन्हातान्हात रांग लावून उभे असत, पण मी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. काट्यावरचे बाबू सकाळी मला पुसत, उदबत्ती लावत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? पुढे एक चकचकीत नवा संगणक आला आणि माझी रवानगी गोदामात झाली. अंगावर बारदान पडलं. उंदरांनी माझी एक वायर कुरतडली, तेव्हा मात्र आपलं संपलं असंच मी धरून चाललो.

त्या गोदामात किशोर नावाचा कारकून होता. त्याने साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. मुलीच्या अभ्यासाला उपयोग होईल म्हणून किशोरने मला गोधडीत गुंडाळलं आणि ओळखीच्या टेंपोतून कर्जतला, भिसेगावातल्या आपल्या घरी आणलं. घर लहानसं. पुढे पडवी, पडवीपुढे अंगण. घरात किशोरची बायको रूपाली, मुलगी ऋतिका आणि किशोरची आई भागूबाई. भागूबाई मूळच्या पळसदरीकडच्या, सगळं आयुष्य शेतात गेलेलं. त्यांनी मला पाहिलं आणि आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या. दसऱ्याला त्या मला झेंडूचं फूल वाहत आणि थेट पडद्यावरच हळदकुंकू लावत. रूपाली ते मागून गुपचूप पुसून टाकायची.

ऋतिका माझ्यावर चित्रं काढायची. तिच्या चित्रात डोंगर नेहमी जांभळे असत आणि आजी घरापेक्षा उंच असे. पण काही वर्षांत सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. माझ्यावर भरतकामाचा रुमाल आला, रुमालावर पापडाचा डबा आला. मी तेवढ्यावरही समाधानी होतो. गोदामातल्या बारदानापेक्षा पापडाचा डबा कितीतरी बरा.

ऋतिका पाचवीत असतानाची गोष्ट. शाळेत कसलासा प्रकल्प होता म्हणून माझ्यावरचा डबा उतरला होता. दुपारची वेळ होती आणि ती माझ्यासमोर बसून धडा टाइप करत होती. मध्येच तिची बोटं थांबली. हात एका बटणावर तसाच दाबलेला राहिला आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ भरत चाललं. मला वाटलं, पोर खोडी काढते आहे. मग खुर्ची कलंडली.

भागूबाई देवापाशी होत्या, त्या धावत आल्या. त्यांनी नातीच्या नाकाला चप्पल लावली, कांदा फोडून हुंगवला. रूपालीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती नुसती तिचं नाव घेत राहिली. काही वेळाने ऋतिकाचं अंग सैल पडलं आणि ती झोपी गेली. जागी झाली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं. माझा धडा कुणी बिघडवला, एवढंच तिने विचारलं.

कर्जतच्या डॉक्टरांनी त्यांना पनवेलला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी सांगितलं की हा फिटचा आजार आहे, घाबरून जाऊ नका, औषधाने पुष्कळ मुलं चांगली राहतात. पण कुठलं औषध, किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते बघून बघूनच बसवावं लागतं. म्हणून रोज लिहून ठेवा. झोप किती झाली, गोळी कधी दिली, झटका आला का, किती वेळ टिकला, आधी कुठला हात हलला. त्यांचं एक वाक्य रूपाली घरी येऊन पुन्हा पुन्हा म्हणत होती, म्हणून मला पाठ झालं आहे. त्या म्हणाल्या होत्या, "झटका येतो तेव्हा मी तिथे नसते. तुम्ही लिहाल तेवढंच मला दिसणार."

रूपालीने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला घेतलं, दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदींशेजारी. पण घरात आलेला माणूस पाणी पिता पिता कॅलेंडर वाचतोच. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, ही लाल खूण कसली गं? त्या दिवशी भागूबाईंनी ते पान फाडून चुलीत टाकलं. पोरीची जात, उद्या तिला उजवायची आहे, गावभर झालं तर तिच्या दारात कोण येईल, असं त्यांचं म्हणणं. वही आणावी तर वहीसुद्धा कुणीही उचलून चाळतं. किशोरचा मोबाइल त्याच्याबरोबर कामावर जाई, आणि रूपालीचा मोबाइल म्हणजे सगळ्या आळीचा. तेव्हा तिची नजर माझ्याकडे वळली. पापडाचा डबा तिने खाली ठेवला, रुमालाची घडी केली आणि पदराने माझा पडदा पुसला. मला कुणाची तरी पुन्हा गरज लागली होती, मित्रांनो, पण अशा कारणासाठी लागावी असं मी कधी मागितलं नव्हतं.

शेजारची भाविका कॉलेजात संगणकाचंच शिकत होती. घराबाहेरच्या माणसांपैकी तिला एकटीला हे ठाऊक होतं. नोंदी ठेवायला चांगलं ॲप बघू, असं ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसली. पहिलं ॲप नावाजलेलं होतं. त्याने आधी खातं उघडायला लावलं, मग मोबाइल नंबर मागितला, मग इंटरनेट. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे भाविकाच्या मोबाइलमधून उसनं आणलेलं. ती घरी गेली की ते ॲप एक चक्र फिरवत बसायचं आणि रूपालीने लिहिलेल्या चार ओळी कुठे गेल्या ते सांगायचंच नाही. एकदा तर तिने लिहिलेलं सगळं दोनदा दिसलं आणि तिसऱ्यांदा उघडल्यावर एकदाही दिसलं नाही. रूपालीने डोळ्यांना पदर लावला. गेलं तर गेलं काकी, दुसरं बघू, असं म्हणून भाविकाने तिची समजूत काढली.

दुसरं ॲप देखणं होतं. त्यात तक्ते होते, रंगीत खुणा होत्या, तयार नमुने तर इतके की निवडतानाच दिवस मावळावा. रूपालीने एक अख्खी दुपार खुणांना रंग देण्यात घालवली. झोपेला निळा, जेवणाला हिरवा, शाळेला पिवळा. मी तिला हसलो नाही. रंग देत बसलं की खरं लिहायचं काम तेवढं पुढे ढकललं जातं, आणि तिला ते ढकलायचं होतं हे मला दिसत होतं. पण ते ॲप माझ्या छातीवर धोंड्यासारखं बसलं. पंखा ओरडायला लागला आणि शेवटी मी बंदच पडलो. माझ्या वयाला ते झेपणारं नव्हतं.

तिसरं ॲप अगदी साधं निघालं. ते लहान होतं, फुकट होतं, त्याला इंटरनेट लागत नसे आणि जे लिहाल ते माझ्याच पोटात राहत असे. सुरुवातीला मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, ते भाविकाने नीट केलं. इंग्रजी बटणांवर आई लिहिलं की पडद्यावर मराठीत आई उमटेल, अशी सोय तिने करून दिली. दर महिन्याचा एक कप्पा केला. एक बटण दाबलं की त्या दिवसाचं पान तयार व्हायचं, वर तारीख आणि खाली मथळे. बटण दाबलं नाही तर त्या दिवसाचं पानच नाही. उगाच रिकाम्या पानांचा पसारा नको म्हणून तिने तसं ठेवलं. शेवटी तिने कुलूप लावलं आणि त्याचा परवलीचा शब्द फक्त रूपालीला ठाऊक राहील असं केलं. मला वाटलं, चला, आता हे पोर बरं होणार.

भागूबाईंना वाचता येत नव्हतं. काय काय लिहिलं ते वाचून दाखव, असं त्यांनी भाविकाला सांगितलं. भाविकाने मथळे वाचले. झोप, जेवण, गोळी, शाळा, झटका.

"ते शेवटचं काढ," भागूबाई म्हणाल्या. "रोज रोज घरात बसून त्याचं नाव लिव्हायचं म्हंजी त्याला पाट मांडून बोलावल्यावाणी हाय."

मित्रांनो, तुमच्याही आजीने तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल की घरात वाईट बोलू नये, वास्तू ऐकत असते आणि ती कशालाही तथास्तु म्हणते. भागूबाईंचा त्यावर जीव तोडून विश्वास होता. त्यांच्या धाकट्या भावाने पळसदरीच्या घरात एकदा रागाच्या भरात मरणाचं काही बोलून टाकलं आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हापासून त्यांनी घरात कधी वाकडा शब्द येऊ दिला नव्हता. त्या दुष्ट नव्हत्या. नातीवर त्यांचा जेवढा जीव होता तेवढीच त्यांना त्या शब्दाची भीती होती.

भाविकाने तो मथळा काढला नाही. पण ती गेल्यावर रूपालीने माझ्यासमोर बसून तो स्वतः पुसला. सासूच्या धाकाने पुसला असं मी म्हणणार नाही, तिच्याही मनात तीच धास्ती होती. तिने आपलं एक ठरवून टाकलं. चांगल्या दिवसाचं पान लिहायचं. ज्या दिवशी झटका येईल त्या दिवशी बटण दाबायचंच नाही. जे दिवस नसतील ते कुठले, हे आपल्याला कळेलच, आणि डॉक्टरीणबाईंना आपण तोंडाने सांगू, त्यांच्या दवाखान्यात, आपल्या घराबाहेर.

असे महिने गेले. चांगल्या दिवशी रूपाली सगळं मन लावून लिहायची. ऋतिकाने दोन भाकऱ्या खाल्ल्या, ऋतिका मैत्रिणीशी भांडली, ऋतिकाने नदीचं चित्र काढलं. वाईट दिवशी ती माझ्या शेजारून जायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी सगळं बघत होतो. पोरगी बोलता बोलता गप्प व्हायची, नजर शून्यात लागायची, ओठ हलायचे. कधी हात आखडायचा, कधी ती कोसळायची. भागूबाई तिला कुशीत घेऊन बसायच्या आणि घरात चिडीचूप व्हायचं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

किशोरला यातलं थोडंच कळे. तो पहाटे साजगावला जाई आणि परते तो तिन्हीसांजेला, देवापाशी दिवा लागायच्या वेळी. दिवेलागणीला वाईट बोलायचं नाही, ही तर त्या घराची शिस्तच. आज कसं होतं, असं तो दारातूनच विचारायचा, आणि बरं होतं, असं त्याला सांगितलं जायचं. दिवा लागलेल्या घरात दुसरं काय सांगणार? थकलेला माणूस ते ऐकून चपला काढायचा. आपली मुलगी सुधारते आहे, असं त्याला खरोखरच वाटू लागलं.

पनवेलला जायची तारीख आली आणि नेमक्या त्याच दिवशी भागूबाई तापाने फणफणल्या. त्यांना एकटं टाकून जाणं शक्य नव्हतं. रूपाली घरी राहिली. तिने स्टेशनजवळच्या दुकानातून माझ्या नोंदी छापून आणल्या होत्या, त्या किशोरकडे दिल्या. मधले दिवस बाईंना सांगा, असं ती त्याला दारात म्हणाली. कुठले मधले, असं त्याने विचारलं. तेवढ्यात आतून भागूबाई कण्हल्या, ऋतिका पायऱ्या उतरून रिक्षात जाऊन बसली, आणि मुलीच्या देखत, उंबऱ्यावर उभं राहून रूपालीच्या तोंडून तो शब्द काही निघेना. बाई विचारतील तेव्हा मला फोन लावा, एवढंच ती म्हणाली.

तिथे काय झालं ते मी नंतर किशोरच्या तोंडून ऐकलं. बाईंनी कागद लक्ष देऊन वाचले. एकापाठोपाठ एक पान, झोप चांगली, जेवण चांगलं, गोळी वेळेवर. जे दिवस नव्हते ते कागदावरही नव्हते, मग ते दिसणार कसे? तारखा मध्येच उडी मारत होत्या, पण त्या दिवशी लिहायचं राहिलं असेल, असंच कुणालाही वाटलं असतं. बाईंनी किशोरला विचारलं, त्याने जे पाहिलं होतं तेच सांगितलं. त्यांनी ऋतिकाला विचारलं, तर झटका आलेल्याला झटका आठवत नाही. मी बरी आहे, असं ती म्हणाली. दोन गोळ्यांपैकी एकीमुळे तिला शाळेत सारखी पेंग येत होती. मग बाईंनी ती गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितली. फोन लावायची कुणाला गरजच वाटली नाही.

किशोर परतला तो पेढे घेऊन. घरात नुकताच दिवा लागला होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात हसू होतं. भागूबाई तापातून उठून बसल्या, देवापुढे साखर ठेवली, आणि तसलं लिहिलं नाही म्हणूनच हे झालं, असं सुनेला दोनदा म्हणाल्या. रूपाली भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात पेढा होता, तो तिने खाल्ला नाही. सकाळी सांगू, असं तिने मनाशी म्हटलं असेल. सकाळी किशोर पहाटेच निघून गेला होता, आणि कारखान्यात मोबाइल फाटकावरच ठेवून घेतात. दवाखान्यात फोन लावला तर तिथल्या माणसाने पुढच्या तारखेला या म्हणून सांगितलं. मग ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने लिहिलं, बाई, माझी मुलगी बरी नाही. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. आत भागूबाईंची बांगडी वाजली, आणि तिने ती ओळ पुसून टाकली. बाईंनी कागद बघूनच ठरवलं असणार, आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का, असं ती हलक्या आवाजात स्वतःला सांगत होती. मी ती ओळ तिला परत दाखवू शकलो नाही, मित्रांनो. पुसलेलं परत आणायचं तर ते बटण माणसालाच दाबावं लागतं.

गोळी बंद झाली आणि थोड्याच दिवसांत ते घडलं. शाळेला सुट्टी होती, ऋतिका वाटाणे सोलत बसली होती. झटका आला, आणि या वेळी तो थांबेचना. एक ओसरतो न ओसरतो तोच दुसरा येई, ती मध्ये शुद्धीवर येत नव्हती. तिचे ओठ निळे पडले. रूपाली अंगणात जाऊन ओरडली, तो आवाज मला अजून आठवतो. देवेश म्हणून शेजारचा रिक्षावाला होता, त्याने पोरीला उचललं आणि रूपाली अनवाणी त्याच्यामागे धावली. वाटाणे घरभर विखुरले होते. भागूबाई ते एकेक करून गोळा करत राहिल्या.

ऋतिकाला तसंच पुढे पनवेलला नेलं. तिला अतिदक्षता विभागात ठेवलं आणि किशोर साजगावहून परस्पर तिथे पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीचा भाविकाला फोन आला. पोर अजून डोळे उघडत नव्हती. जुनं औषध चालू असताना झटके येत होते की नव्हते, येत असतील तर किती आणि कसे, हे डॉक्टरीणबाईंना हवं होतं. येत नसतील तर तेच औषध परत द्यायचं, येत असतील तर दुसरंच काही करायला हवं. रूपालीने बाईंना येत होते एवढं सांगितलं, पण पुढचं तिला काही सुचेना, सगळे दिवस डोक्यात एकमेकांत मिसळले होते. आईंना विचार, त्या प्रत्येक वेळी घरात होत्या, असं तिने रडत रडत सांगितलं आणि माझ्या कुलपाचा शब्दही सांगितला.

भाविकाने मला सुरू केलं. भागूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी तोंड उघडलं, वर आढ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. भाविकाने हात जोडले. आजी, सांगा हो, वेळ नाही आपल्याकडे, असं ती म्हणाली.

"सांगते गं," भागूबाई म्हणाल्या. "पर हितं नको. पोरगी तिकडं तशी पडलीय, आन मी हितं बसून घराला त्याचं नाव ऐकवू? ह्याला भायेर घे. पार अंगणात."

भाविकाने वाद घातला नाही. आधी पडदा गेला, मग पेटी, मग बाकीचं. एक वायर दुसरीला जोडून ती पडवीतून अंगणात ओढली आणि मला बाजेवर मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळाखाली आलो होतो, पण बघायला सवड कुणाला होती? उन्हात माझ्यावरचं काही दिसेना, तेव्हा भागूबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला पदर दोन्ही हातांनी माझ्या पडद्यावर धरला.

नळावरून येणाऱ्या बायका थबकल्या. कॅलेंडरवरची लाल खूण विचारणाऱ्या बाईही त्यांत होत्या. ज्यांच्यापासून सगळं लपवलं होतं त्या सगळ्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या, आणि काय झालं म्हणून कुणीतरी विचारलंच. भागूबाईंनी मान वळवली.

"माझ्या नातीला फिट येत्यात," त्या मोठ्याने म्हणाल्या. "लई महिनं झालं. आमी लपवलं. आता मला सांगू द्या."

आणि त्या सांगू लागल्या. त्यांना तारखा येत नव्हत्या. ज्या दिवशी नळाला लाल पाणी आलं त्या दिवशी झटका, उजवा हात आधी. गौरी आणल्या त्याच्या आदल्या दिवशी झटका, नुसती नजर लागलेली, भात उतू जाईपर्यंत. मासळीवाली जवळा घेऊन आली होती त्या दिवशी झटका, पडली, जीभ चावली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायका एकेक करून आत आल्या. लाल पाणी आलं तो सोमवार होता, माझ्याकडे पाहुणे होते, असं एकीने सांगितलं. जवळा मीही घेतला होता, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, असं दुसरी म्हणाली. भाविका तारीख लावायची, बटण दाबायची आणि नसलेलं पान तयार व्हायचं. महिन्यामहिन्याच्या कप्प्यांतल्या फटी बुजत चालल्या. प्रत्येक पानावर भागूबाई तो शब्द उच्चारत होत्या आणि दर वेळी त्यांचा आवाज फाटत होता. लिव्ह, झटका लिव्ह, असं त्या म्हणत, आणि धरलेला पदर खाली येऊ देत नसत. त्यांना खाली बसवायला बायका पुढे झाल्या, पण त्या बसल्या नाहीत.

ती पानं भाविकाने आपल्या मोबाइलवरून पनवेलला पाठवली. बाईंनी त्याच दिवशी औषध बदललं. आणखी दोन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऋतिकाने डोळे उघडले आणि आईला ओळखलं.

ती घरी आली तेव्हा तिचा उजवा हात जड झाला होता, अजूनही तो पूर्वीसारखा चालत नाही. शब्द आठवायला तिला वेळ लागतो. डोंगरांना आता डाव्या हाताने रंग देते, ते रेघेबाहेर जातात. मी आधीच बोलायला हवं होतं, असं रूपाली एकदा सासूजवळ बसून म्हणाली. "मी तुला बोलू दिलं नाय," भागूबाई म्हणाल्या.

मला पुन्हा आत नेलं नाही. आता माझी जागा पडवीत आहे, कारण भागूबाईंच्या हिशोबाने पडवी म्हणजे घर नव्हे. त्यांचा विश्वास गेलेला नाही, त्यांनी फक्त त्याला उंबरा घालून दिला आहे. किशोर कामावरून आला की आता बायकोला काही विचारत नाही. चपला न काढताच तो माझ्यासमोर उभा राहतो, त्या दिवसाचं पान वाचतो आणि मग आत जातो. झटका हा मथळा परत आला आहे. परवा त्यापुढे, आला, असं लिहावं लागलं. रूपालीला दोन अक्षरांना दोनदा थांबावं लागलं, पण तिने लिहिलं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने संगणक शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. धूळ पुसा, उंदरांपासून जपा, भंगारात देऊ नका. मी यातलं काही मागत नाही. ॲप कुठलंही घ्या, साधं घ्या, रंगीत घ्या. पण वाईट दिवस आला की माझ्याशेजारून मान फिरवून जाऊ नका. येऊन बसा आणि लिहा. तुम्ही मला जे सांगत नाही ते घडलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटतो, आणि माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात.